लिव्हर मऊ, तरी चाक धरतं: जुन्या बाइकच्या पुढच्या डिस्क ब्रेकचं दुखणं कुठे शोधायचं

तुमची तक्रार थोडक्यात अशी. 1970च्या दशकातली होंडा सीबी750, पुढे एकच डिस्क, एका पिस्टनचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग). गाडी काही वर्षं उभी होती. तुम्ही नवे पॅड टाकले, ब्रेक ऑइल बदललं, ऑइलमधली हवाही (एअर) काढली. तरी लिव्हर मऊच आहे आणि जवळजवळ ग्रिपपर्यंत येतो. गाडी थोडी चालली की पुढचं चाक धरतं, म्हणजे लिव्हर सोडूनही ब्रेक लागलेलाच राहतो, आणि गार झाल्यावर आपोआप सुटतं. मेकॅनिक म्हणतो नवा मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ऑइलवर दाब देणारा भाग) टाका, आणि तुम्ही विचारताय की घेऊ का.

अजून काहीही घेऊ नका, आणि चाक धरतंय तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

तुमच्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. लिव्हर मऊ म्हणजे दाब नीट तयार होत नाही. चाक धरतं म्हणजे तयार झालेला दाब सुटत नाही, किंवा दाब सुटूनही पॅड मागे येत नाहीत. अशा वेळी पार्ट बदलत बसलात तर पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. आधी दोष कुठल्या टप्प्यात आहे ते पक्कं करायचं. त्याला पाना, पारदर्शक रबरी नळी आणि जुनी बाटली एवढं पुरतं.

चाक धरण्यापासून सुरुवात करू. धोका तिथेच जास्त आहे आणि निदानही तिथेच सोपं आहे. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, इंजिनखाली आधार देऊन पुढचं चाक उचला (आधार एक्झॉस्टवर नको). लिव्हर भरपूर वेळा दाबून सोडा. तेवढ्याने चाक धरत नसेल तर मोकळ्या आवारात सावकाश फिरवून आणा आणि धरलेल्या अवस्थेतच स्टँडवर घ्या. डिस्कला हात लावू नका, चटका बसेल. आता कॅलिपरच्या ब्लीड निपलवर (हवा आणि ऑइल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूवर) नळी बसवा, दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव वळसा उघडा.

नळीत ऑइलची पिचकारी आली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. म्हणजे दोष निपलच्या वरच्या भागात आहे, पाइपमध्ये किंवा मास्टरमध्ये. निपल उघडूनही चाक तसंच जड राहिलं तर मास्टरचा काही संबंध नाही. कॅलिपरच जाम आहे.

दाब अडकल्याचं निघालं तर चाक पुन्हा धरू द्या. या वेळी निपलला हात न लावता मास्टरवरचा बॅन्जो बोल्ट (पाइपचं टोक जोडणारा पोकळ बोल्ट) किंचित सैल करा. त्याआधी पेट्रोलच्या टाकीवर आणि खाली जाड ओला फडका टाका, कारण ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. बोल्ट सैल करताच चाक सुटलं तर गुन्हेगार मास्टर. तिथे सुटलं नाही, पण खाली निपल उघडल्यावर सुटलं, तर मधला पाइप दाब धरून ठेवतोय. तुमच्या गाडीत मास्टरपासून एक रबरी पाइप खाली येतो, तिथे तीन तोंडांचा सांधा आहे, त्याच सांध्यावर ब्रेक लाइटचा स्विच आहे, आणि तिथून दुसरा रबरी पाइप पुढे जातो. सांधा सैल करून दोघांपैकी कुठला पाइप तेही कळतं. पण पाइप मूळचे असतील तर एवढ्या खोलात जाऊ नका, दोन्ही बदला.

रबरी पाइपचा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून लोक त्याच्यावर संशय घेत नाहीत. मी असा एक पाइप उभा चिरून पाहिला आहे. बाहेरचं रबर काळंभोर, कुठे भेग नाही. आतली वाट मात्र फुगून टाचणीच्या टोकाएवढी उरलेली, आणि अस्तराचा एक पापुद्रा सुटून लोंबत होता. लिव्हर दाबला की हाताच्या जोराने ऑइल त्या पापुद्र्याला ढकलून पुढे जातं. परत येताना मागे जोर नसतो, त्यामुळे पापुद्रा वाट बंद करतो. शिवाय असं जुनं रबर दाबाखाली फुगतं, आणि लिव्हरचा काही प्रवास त्यातच जातो. म्हणजे मऊ लिव्हर आणि धरलेलं चाक, दोन्ही एका पाइपमुळे होऊ शकतं. नवे पाइप स्टीलच्या जाळीचे, आत टेफ्लॉनचं अस्तर असलेले घ्या. गाडी मूळ रूपातच ठेवायची असेल तर काळ्या आवरणातलेही मिळतात. बॅन्जोच्या दोन्ही बाजूंचे वॉशर नवे टाकायचे.

आता मास्टर. त्याच्यावरच्या ऑइलच्या टाकीचं झाकण काढून तळाशी पाहिलंत तर दोन छिद्रं दिसतील. एक मोठं, आणि दुसरं इतकं बारीक की आहे हे ठाऊक नसेल तर नजरेला पडत नाही. काही मास्टरमध्ये त्यावर पत्र्याची छोटी चकती असते, मग ते दिसतच नाही. सगळी मेख या बारीक छिद्रात आहे. लिव्हर पूर्ण सोडला की आतला रबरी कप या छिद्राच्या जरासा मागे येऊन थांबतो. मग कॅलिपरमधलं ऑइल तापून प्रसरण पावलं तर जादा ऑइल याच वाटेने टाकीत परत येतं. जुन्या ऑइलच्या तपकिरी साक्याने हे छिद्र बुजलं की परतीची वाट बंद. मग चाक हळूहळू धरतं, धरल्यामुळे आणखी तापतं, आणि तापल्यामुळे आणखी धरतं. गार झाल्यावर आपोआप सुटतं. तुम्ही वर्णन केलेला क्रम नेमका हाच आहे, म्हणून माझा पहिला संशय या छिद्रावर आहे आणि दुसरा पाइपवर.

तपासणं सोपं आहे. झाकण काढलेलं असताना लिव्हर अगदी हळू, सुरुवातीचा जेमतेम प्रवास होईल एवढाच दाबा. टाकीत पृष्ठभागावर छोटी उसळी किंवा बारीक कारंजं दिसायला हवं. डोळे जवळ नेऊ नका. काहीच हललं नाही तर छिद्र बुजलंय, किंवा कप पूर्ण मागे येत नाहीये. म्हणून मास्टर खोलण्याआधी लिव्हरला थोडी ढिलाई आहे का तेही बघा. चुकीचा लिव्हर, गंजलेली पिन, किंवा ढिलाईचा स्क्रू असलेल्या मास्टरवर तो जास्त आवळलेला, यांपैकी काहीही असलं तरी पिस्टन कायम थोडा दाबलेला राहतो आणि कप त्या छिद्रावरच बसतो. टाकी अगदी काठोकाठ भरली असली तरी प्रसरणाला जागा उरत नाही. वरच्या खुणेपर्यंतच भरायचं.

छिद्र साफ करायला गिटारची सर्वांत बारीक तार वापरा. ड्रिल घालू नका. छिद्र मोठं झालं किंवा आतल्या बाजूला त्याची कड उचलली गेली तर नवा कप काही दिवसांतच चिरतो. मास्टर खोललाच असेल तर आतली भिंत उजेडात धरून पाहा. खड्डे नसतील तर नवं किट (आतल्या रबरांचा संच) टाकून तोच मास्टर उत्तम चालेल. खड्डे असतील तर घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका, कारण भोक मोठं झालं की कप सील करत नाही.

निपल उघडूनही चाक सुटत नसेल तर कॅलिपरकडे वळा. 1969मध्ये आलेल्या सीबी750ने हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या बाइकवर आणला, पण तिचा कॅलिपर आजच्यासारखा पिनांवर सरकत नाही. तो एका हातावर बसतो आणि तो हात फोर्कच्या नळीजवळ बिजागरीवर झुलतो. पिस्टन एका बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेने पूर्ण कॅलिपर झुलतो आणि समोरचा पॅड डिस्कला टेकतो. बिजागरीची पिन वर्षानुवर्षं ग्रीसविना राहिली की गंजते आणि हात झुलायचा थांबतो. मग पिस्टनचा पॅड डिस्कला एका बाजूने ढकलून वाकवतो. तुमचा सगळा जोर डिस्क वाकवण्यात जातो, म्हणून लिव्हर मऊ लागतो. लिव्हर सोडला की डिस्क सरळ होताना पिस्टनला आत ढकलते, त्यामुळे पुढच्या वेळी लिव्हर पुन्हा लांब येतो. यात हवेचा एक बुडबुडाही नसतो. लोक मात्र ऑइलच्या बाटल्या रिकाम्या करत एअर काढत बसतात.

हे डोळ्यांनी दिसतं. कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगा आणि समोरून, डिस्कच्या कडेच्या रेषेत पाहा. डिस्क जागची हलता कामा नये. ती बाजूला वाकताना दिसली तर पिन काढून साफ करा, बुश तपासा, ग्रीस भरा आणि हात दोन बोटांनी झुलेल असं करा. मग हातावरच्या स्प्रिंगच्या स्क्रूचं सेटिंग. नवे पॅड टाकल्यावर ते करायचं बहुतेक जण विसरतात, आणि तुमच्या वर्णनात त्याचा उल्लेख नाही. चाक फिरवत स्क्रू असा फिरवा की न हलणारा, म्हणजे पिस्टनसमोरचा, पॅड डिस्कला जेमतेम घासेल. मग अर्धा वळसा उलट घ्या आणि नट आवळा. तिथे साधारण 0.15 मिमीची फट अपेक्षित असते. ही फट मोठी राहिली तरीही लिव्हर लांब येतो.

पिस्टन अडकला असेल तर तो काढायला गाडीचाच ब्रेक वापरा. कॅलिपर डिस्कवरून उतरवा, पाइप जोडलेलाच ठेवा आणि लिव्हर दाबत राहा, पिस्टन बाहेर येतो. कॉम्प्रेसरच्या हवेने काढू नका. अडकलेला पिस्टन सुटतो तेव्हा गोळीसारखा उडतो आणि मधे बोट असेल तर ठेचतो. पिस्टनच्या घासत्या पृष्ठभागाला पक्कडही लावायची नाही.

पिस्टन बाहेर आल्यावर सगळ्यात जास्त वेळ एका ठिकाणी द्यायचा, तो म्हणजे सील बसतं ती खाच. चौकोनी काटाचं हे सील फक्त गळती थांबवत नाही. पिस्टन पुढे जाताना ते किंचित पिळलं जातं, आणि दाब सुटला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड डिस्कपासून सुटतो तो एवढ्यानेच, कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग नाही. जुन्या ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये खाचेच्या तळाशी गंजाचा पांढरट कडक थर बसतो. तो सीलला मागून रेटतो, सील पिस्टनला करकचून आवळतं आणि पिस्टन मागे येत नाही. वर नवं सील टाकलं तरी थर तिथेच असतो, म्हणून ‘किट बदललं, तरी जाम’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा बारीक आकडा घ्या आणि खाचेचा तळ, दोन्ही कोपरे खरवडा, राखाडी भुकटी यायची थांबून स्वच्छ धातू दिसेपर्यंत. धातूत चर पाडू नका. नंतर सीलला आणि पिस्टनला ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकच्या रबराचं खास ग्रीस लावून बसवा. पिस्टन दोन्ही अंगठ्यांच्या जोराने, न अडखळता आत गेला पाहिजे. हातोडी लागली तर पुन्हा काढा आणि पुन्हा खरवडा. पिस्टनच्या क्रोमवर सील फिरतं त्या पट्ट्यात खड्डे असतील तर पिस्टन बदला. स्टेनलेसचे मिळतात आणि ते जास्त टिकतात.

या कामात साफसफाईला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काही चालत नाही, आणि रबरांना साधं ग्रीसही नाही. ब्रेकची रबरं खनिज तेलाने फुगतात आणि जाम होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनर वापरा. जुन्या पॅडची भुकटी हवेने उडवू नका, त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडका पिशवीत बांधून टाका.

एवढं झाल्यावर लिव्हर मऊ असेल तर तो नेमका कसा मऊ आहे ते बघा. पहिल्या दाबात खोल जातो आणि भराभर दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन टणक होतो? मग हवा आहे, किंवा काहीतरी पिस्टनला मागे ढकलतंय: वाकडी डिस्क, ढिल्या व्हील बेअरिंग, नाहीतर वर सांगितलेली बिजागरी. कितीही दाबला तरी स्पंजसारखाच लागतो? बरीच हवा किंवा फुगणारा पाइप. टणक लागतो, पण धरून ठेवला की सावकाश खाली बुडत जातो आणि बाहेर कुठेही गळती नाही? मग मात्र मास्टरचा कप ऑइल मागे सोडतोय. तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं या एका स्थितीत बरोबर ठरेल, आणि तेव्हाही आधी किट.

रिकाम्या झालेल्या सिस्टिममधून हवा नुसतं लिव्हर दाबून निघत नाही. बुडबुडे वर चढतात आणि तुम्ही ऑइल खाली ढकलता, म्हणून ते मधेच लटकून राहतात. मोठ्या सिरिंजने निपलमधून ऑइल खालून वर भरा, म्हणजे हवा तिच्या स्वभावाप्रमाणे टाकीकडे जाते. टाकी भरून वाहणार नाही याकडे लक्ष ठेवा. मग नेहमीसारखं वरून खाली करा. हवा लपायच्या दोन जागा म्हणजे मास्टरवरचा बॅन्जो आणि तो तीन तोंडांचा सांधा. हँडल असं वळवा की मास्टर सगळ्यात उंच येईल. लिव्हर दाबलेला ठेवून बॅन्जो क्षणभर सैल करा आणि आवळा, मगच लिव्हर सोडा. पाइपवर पान्याच्या दांड्याने टिचक्या मारा. शेवटी लिव्हर ग्रिपला बांधून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सोडून हळूहळू दाबा. रात्रीत वर जमलेले बुडबुडे बारीक छिद्रातून टाकीत निघतात. ही युक्ती उरलेल्या थोड्या हवेपुरतीच आहे. मोठी हवा आधी निघालेली हवी.

ऑइल डॉट 4 घाला. डॉट 3 आणि डॉट 4 एकाच जातीची आहेत, ताज्या डॉट 4चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषल्यावरची मर्यादा 155 अंश. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि अर्धी उरलेली जुनी बाटली वापरायची नाही. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट 5.1 मात्र डॉट 4च्याच जातीचं आहे, नावातल्या आकड्याने फसू नका.

मास्टर खरंच बदलावा लागला, तर दिसणं नंतर पाहा, आधी त्याच्या भोकाचा व्यास विचारा. तुमच्या कॅलिपरमधला पिस्टन साधारण 38 मिमीचा आहे आणि मूळ मास्टर 14 मिमीचा. क्षेत्रफळांचं गुणोत्तर 7.4च्या आसपास येतं. दोन डिस्कसाठीचा 16 मिमीचा मास्टर बसवला तर तेच 5.6वर उतरतं, म्हणजे त्याच हाताच्या जोरात ब्रेकिंग जवळपास चौथाई कमी. आणि गंमत अशी की लिव्हर दगडासारखा टणक लागतो, त्यामुळे मालक खूश होतो. टणक लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. नॉर्टन कमांडोचं उदाहरण बघा: मूळ मास्टर 5/8 इंचाचा, म्हणजे 15.9 मिमीचा, लिव्हर लाकडासारखा आणि ब्रेक बेताचा. जाणकार त्यात स्लीव्ह (आतून बसणारी बारीक नळी) बसवून भोक 13 मिमीचं करतात. लिव्हरचा प्रवास वाढतो, पण तेवढ्याच जोरात दीडपट दाब मिळतो.

दुसऱ्या गाड्यांचे मालक हे वाचत असतील तर एक आडवाट. 1970च्या दशकातल्या बीएमडब्ल्यूंपैकी आर90एससारख्या मॉडेलवर मास्टर पेट्रोलच्या टाकीखाली असतो आणि लिव्हरपासून त्याच्यापर्यंत केबल जाते. तिथे लिव्हर मऊ लागला तर आधी केबल पाहा. तिचा एटीई कंपनीचा कॅलिपरही झुलणाराच, फक्त सेटिंग विकेंद्री (मध्य एका बाजूला सरकलेल्या) पिनवर होतं. पॅड तिरपे झिजत असतील तर ती पिन बघा.

डिस्कबद्दल फार लिहीत नाही. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजा. लिव्हर धडधडतो तो बहुधा जाडी कमी-जास्त असल्यामुळे, नुसत्या वाकडेपणामुळे क्वचित. डायल गेजवर (काट्याच्या मापकावर) डिस्कचं डोलणं 0.3 मिमीच्या वर गेलं तर डिस्क बदलायची. ब्रेक लावताना पुढचा भाग थरथरत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी स्टीअरिंग हेडच्या बेअरिंग तपासा. पावसात पहिला क्षणभर ब्रेक लागतच नाही ही त्या काळच्या स्टेनलेस डिस्कची खोडच आहे, ती तुमच्या दुरुस्तीने जाणार नाही. सिंटर्ड (धातूच्या भुकटीपासून केलेल्या) पॅडने बराच फरक पडतो, मात्र ते डिस्क लवकर खातात. आणि फोर्कचं सील गळत असेल तर आधी ते करा. पॅडवर फोर्क ऑइल मुरलं की पॅड फेकायचेच, जाळून किंवा घासून ते परत येत नाहीत.

सगळं जोडल्यावर लिव्हर पूर्ण जोराने मिनिटभर धरून ठेवा आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहा. मग रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून मध्यम जोराचे ब्रेक लावत वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मधे डिस्कला गार व्हायला वेळ द्या. नवे पॅड असेच बसतात. परत येताना शेवटचा टप्पा पुढचा ब्रेक न लावता या आणि गाडी लावल्या लावल्या डिस्कच्या जवळ हात न्या. धग जाणवली तर चाक अजून धरतंय, आणि पुन्हा निपलपासून सुरुवात. दुसऱ्या दिवशी गार गाडीवर बॅन्जो बोल्ट एकदा तपासा. नवे वॉशर दबून बसतात, त्यामुळे ते थोडे आणखी आवळावे लागतात.